आंतरजालावरील स्वतंत्र समुदाय आणि मोठ्या तंत्रज्ञान-कंपन्या : मराठी अनुभवाच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना

पुणे–सातारा महामार्गालगतचे शिवरे हे भोर तालुक्यातील एक गाव. भोर व वेल्हे परिसरातील अशा खेड्यांना सामायिक वापराची कल्पना नवी नाही. गायरान, पाणवठा, चावडी आणि डोंगरकपारीतील देवराई ही तिची परिचित रूपे होत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास केला. या राया कोणाच्या तरी खाजगी मालकीमुळे टिकल्या नव्हत्या. कोणी काय तोडावे, काय तोडू नये याविषयी गावाने पाळलेल्या संकेतांनी त्या राखल्या होत्या.

गेल्या सुमारे तीस वर्षांत सामायिक वापराचे एक नवे क्षेत्र निर्माण झाले आहे. आंतरजालावर एकत्र येऊन लिहिणारे, चर्चा करणारे, ज्ञानसंग्रह उभारणारे समुदाय हे ते क्षेत्र होय. या समुदायांच्या कामात मोठ्या तंत्रज्ञान-कंपन्यांचा शिरकाव होऊ लागला, तेव्हा त्यांपैकी काहींनी त्यास विरोध केला, काहींनी अटी घातल्या, तर काही समुदाय नकळत विरून गेले. मराठी भाषकांचा अनुभव केंद्रस्थानी ठेवून या प्रक्रियेचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. समुदायाचे स्वातंत्र्य कंपनीविषयीच्या रागावर अवलंबून नसते. संग्रह, नियम, खर्च आणि बाहेर पडण्याची वाट या चार गोष्टी कोणाच्या हाती आहेत, यावर ते अवलंबून असते, असे या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

स्वातंत्र्याच्या चार कसोट्या

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात जंगले, कुरणे, मासेमारीची क्षेत्रे आणि सिंचनव्यवस्था यांचे दाखले देऊन एक सिद्धांत मांडला. सामायिक संसाधन नष्ट होणे अटळ नाही. वापर करणारेच नियम ठरवीत असतील, त्यांच्यातीलच कोणी देखरेख करीत असेल आणि तंटे जागच्या जागी मिटविण्याची सोय असेल, तर ते पिढ्यान्‌पिढ्या टिकते, असे त्यांनी दाखवून दिले. या कार्याबद्दल २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्ञान हेही सामायिक संसाधन मानता येते, हा विचार त्यांनी शार्लट हेस यांच्यासह संपादित केलेल्या २००७ च्या ग्रंथात पुढे नेला.

हीच दृष्टी आंतरजालास लावली असता चार प्रश्न उभे राहतात. पहिला, सदस्यांनी लिहिलेला मजकूर कोणाच्या सर्व्हरवर आणि कोणाच्या ताब्यात आहे? दुसरा, काय लिहावे व काय काढून टाकावे याचे नियम कोण करतो? तिसरा, खर्च कोण सोसतो आणि त्याच्या मोबदल्यात काय घेतो? चौथा, एखाद्यास समुदाय सोडावयाचा झाल्यास आपले लेखन बरोबर घेऊन जाता येते काय? या चारही प्रश्नांची उत्तरे ‘सदस्य’ किंवा ‘सदस्यांना उत्तरदायी असलेले चालक’ अशी असतील, तर तो समुदाय स्वतंत्र म्हणता येईल. कंपनीच्या व्यासपीठावर दहा हजार लोकांचा गट असला, तरी या कसोट्यांवर तो परावलंबीच ठरतो.

मराठी संकेतस्थळांची जडणघडण

मराठीतील अशा समुदायांचा आरंभ ‘मायबोली’पासून मानावा लागतो. १९९६ साली गणेशचतुर्थीच्या दिवशी सुरू झालेल्या या संकेतस्थळाचा पहिला आधार परदेशस्थ मराठी माणसे हा होता. त्या वेळी संगणकावर देवनागरी दिसणे हीच एक अडचण होती. वाचकास विशिष्ट टंक उतरवून घ्यावा लागे. एका टंकात लिहिलेला मजकूर दुसऱ्या टंकात निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन बसे. युनिकोडचा प्रसार झाल्यावर ही अडचण दूर झाली. २००४ साली सुरू झालेल्या ‘मनोगत’ने युनिकोड देवनागरीतील लेखनाबरोबरच शुद्धिचिकित्सकाची सोय उपलब्ध करून दिली. पुढे २००७ मध्ये ‘उपक्रम’ व ‘मिसळपाव’, तर २०११ मध्ये ‘ऐसी अक्षरे’ ही संकेतस्थळे निघाली. देवनागरी टंकलेखनासाठी ‘गमभन’सारखी साधने मराठी तंत्रज्ञांनीच तयार केली.

या घडामोडींतून तीन गोष्टी लक्षात येतात. एक म्हणजे, मराठी लिहिण्याची सोय कंपन्यांनी देण्याची वाट या मंडळींनी पाहिली नाही. दुसरी म्हणजे, यांतील अनेक स्थळे ड्रुपल या मुक्त परवान्याच्या प्रणालीवर उभी राहिली. त्यामुळे प्रणालीच्या मालकाची मर्जी सांभाळण्याचा प्रश्न उद्भवला नाही. तिसरी आणि महत्त्वाची गोष्ट अशी की, प्रत्येक स्थळाने आपला स्वभाव आपण ठरविला. शुद्धलेखनाचा आग्रह एका ठिकाणी महत्त्वाचा ठरला, तर मोकळीक दुसऱ्या ठिकाणी. मतभेद झाले, सदस्य रुसले, काहींनी नवे संकेतस्थळ काढले. बाहेरून पाहणाऱ्यास हे भांडण वाटले, तरी नियम आपल्या हाती असल्याचेच ते लक्षण होते. जेथे नियम दूरच्या कार्यालयात ठरतात, तेथे सदस्यांना भांडण्यासही समोर कोणी नसते.

कंपनीच्या जागेतील लेखनाचे भवितव्य

याच काळात मराठी भाषकांचा मोठा वर्ग कंपन्यांच्या विनामूल्य व्यासपीठांवरही लिहीत होता. त्या व्यासपीठांचा इतिहास बोलका आहे. याहूने जिओसिटीज ही सेवा ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. महाराष्ट्रातील महाविद्यालयीन तरुणांत अत्यंत लोकप्रिय असलेले ऑर्कुट गूगलने ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद केले. गूगल प्लसची सर्वसामान्य वापरकर्त्यांसाठीची सेवा २ एप्रिल २०१९ रोजी संपली. याहू ग्रुप्समधील वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार काढून टाकण्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले आणि १५ डिसेंबर २०२० रोजी ती सेवाच थांबली.

या प्रत्येक वेळी कंपनीने पूर्वसूचना दिली होती, हे मान्य केले पाहिजे. तथापि सूचना मिळणे आणि निर्णयात वाटा असणे या भिन्न गोष्टी आहेत. ज्या गटाचा चालक कामात व्यग्र होता, ज्याचा जुना ईमेल पत्ता बंद पडला होता किंवा जो हयात नव्हता, त्या गटाचा संग्रह जतन करण्यास कोणीही उरले नाही. ग्रंथालयाची इमारत पाडण्यापूर्वी पुस्तके नेण्यास सांगावे आणि वाचकांपैकी बहुतेकांना ते कळूच नये, असा हा प्रकार होय. संग्रह कोणाच्या ताब्यात, या पहिल्या कसोटीचे महत्त्व येथे स्पष्ट होते.

मदतीचा स्वीकार आणि नकार : विकिपीडियाचा दाखला

कंपनीचा सहभाग नेहमीच सेवा बंद करण्याच्या रूपाने येतो असे नाही. पुष्कळदा तो मदतीच्या रूपाने येतो, आणि तेव्हा निर्णय अधिक अवघड होतो. भारतीय भाषांतील विकिपीडियांचा अनुभव या दृष्टीने अभ्यसनीय आहे. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्रदिनी झाला. त्यातील लेखन स्वयंसेवक करतात, मजकूर मुक्त परवान्याखाली असतो आणि वादाचा निर्णय चर्चापानावर होतो.

२००९ च्या सुमारास गूगलने भाषांतरासाठी एक साधनसंच उपलब्ध केला. इंग्रजी विकिपीडियातील लेखांचे त्याच्या साहाय्याने भाषांतर करून ते हिंदी, तमिळ, तेलुगू, कन्नड, बंगाली इत्यादी विकिपीडियांत घालण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. त्यासाठी मोबदला घेणारे भाषांतरकारही नेमले गेले. लेखसंख्या वाढली, शब्दसंख्या वाढली. परंतु अनेक लेखांची भाषा कृत्रिम होती, वाक्यरचना इंग्रजीच्या वळणाची होती, विषयांची निवड स्थानिक वाचकाच्या गरजेशी जुळत नव्हती; आणि लेख घालणारे भाषांतरकार चर्चापानावर उत्तर देण्यास क्वचितच येत. बंगाली समुदायाने असा मजकूर स्वीकारण्यास नकार दिला. तमिळ समुदायाने वेगळा मार्ग अवलंबिला. त्याने काम काही काळ थांबविण्यास सांगितले, दोष नोंदविले आणि विषयांची निवड व दुरुस्ती समुदायाच्या संमतीने होईल अशी व्यवस्था करण्याचा आग्रह धरला. २०१० च्या जुलैत पोलंडमधील ग्दान्स्क येथे भरलेल्या विकिमेनिया परिषदेत हा अनुभव जाहीरपणे मांडला गेला.

येथे एक आक्षेप संभवतो. ज्या भाषेत ज्ञानसामग्री कमी आहे, तिने फुकट मिळणारे लेख का नाकारावेत? आक्षेप वजनदार आहे. त्याचे उत्तर असे की, विकिपीडियातील लेख हे केवळ उत्पादन नसते. त्यामागे तो सुधारणारा, राखणारा माणूस असावा लागतो. हजार लेख एकदम आले आणि ते तपासणारे दहाच स्वयंसेवक असले, तर त्यांचे सारे आयुष्य दुरुस्तीत जाते आणि स्वतःचे लेखन थांबते. शिवाय अशा भाषांतरांचा साठा यंत्रास भाषा शिकविण्यासाठी कंपनीच्या उपयोगी पडतो. म्हणजे लाभ दोन्ही बाजूंचा होता. अटी मात्र एकाच बाजूने ठरत होत्या. तमिळ समुदायाचा आग्रह त्या अटींच्या वाटपाविषयी होता. ज्या साधनसंचाभोवती हा वाद झाला, तोही गूगलने डिसेंबर २०१९ मध्ये बंद केला.

‘फ्री बेसिक्स’चा प्रसंग

कंपनीचा सहभाग आणि सार्वजनिक विरोध यांचा भारतातील सर्वांत ठळक प्रसंग २०१५–१६ मध्ये घडला. फेसबुकने फेब्रुवारी २०१५ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या सहकार्याने ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ ही योजना भारतात आणली. पुढे तिचे नाव ‘फ्री बेसिक्स’ झाले. ठरावीक संकेतस्थळे डेटाचे शुल्क न देता पाहता यावीत, अशी ही योजना होती. त्याच वर्षी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने आंतरजाल-सेवांविषयी मते मागविली असता स्वयंसेवकांनी चालविलेल्या मोहिमेतून दहा लाखांहून अधिक ईमेल प्राधिकरणाकडे गेले.

डिसेंबर २०१५ च्या अखेरीस मार्क झकरबर्ग यांनी भारतीय वृत्तपत्रात लेख लिहून योजनेचे समर्थन केले. त्यात त्यांनी महाराष्ट्रातील गणेश नावाच्या शेतकऱ्याचे उदाहरण दिले. हवामान व बाजारभाव यांची माहिती त्यास या योजनेमुळे मिळू लागल्याचे त्यांचे म्हणणे होते. खेड्यातील शेतकऱ्यास बाजारभाव कळावेत, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न असा होता की, त्याला कोणती संकेतस्थळे फुकट दिसावीत हे कोणी ठरवावे? एखाद्या मराठी स्वयंसेवी समुदायाचे किंवा बाजार समितीचे संकेतस्थळ कंपनीच्या यादीत नसेल, तर त्या शेतकऱ्याच्या लेखी ते जवळजवळ अस्तित्वातच राहणार नव्हते. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था येथील प्राध्यापकांनी संयुक्त निवेदन काढून याच मुद्द्यावर योजनेस विरोध केला. प्राध्यापकवर्गाने आपल्या विषयज्ञानाचा उपयोग सार्वजनिक प्रश्नात केल्याचे हे उल्लेखनीय उदाहरण होय.

फेसबुकने आपल्या वापरकर्त्यांकडून तयार मसुद्याची लाखो पत्रे प्राधिकरणास पाठविली. सल्लामसलतीला मतमोजणीचे रूप दिले जात असल्याबद्दल प्राधिकरणाने नाराजी नोंदविली. अखेर ८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने मजकुरानुसार वेगवेगळे डेटा-शुल्क आकारण्यास मनाई करणारे विनियम जारी केले. उल्लंघनासाठी दररोज ५० हजार रुपये व कमाल ५० लाख रुपये दंडाची तरतूद त्यांत आहे. फेसबुकने ही योजना भारतातून मागे घेतली.

संघीय जाळे : जोडून घ्यावे की दूर राहावे?

जगाच्या पातळीवर हा प्रश्न आणखी एका रूपाने पुढे आला. २०१६ साली जर्मनीत सुरू झालेली मास्टोडॉन ही प्रणाली अनेक स्वतंत्र सर्व्हरांचे संघीय जाळे आहे. प्रत्येक सर्व्हरचा चालक वेगळा, नियम वेगळे. तथापि जानेवारी २०१८ मध्ये प्रमाणित झालेल्या ‘ॲक्टिव्हिटीपब’ या सामायिक संकेतामुळे एका सर्व्हरवरील सदस्य दुसऱ्यावरील सदस्याशी बोलू शकतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटरच्या नियंत्रणधोरणावर नाराज झालेल्या अनेक भारतीयांनी या जाळ्याकडे धाव घेतली. मात्र त्यांतील बरेच जण कालांतराने परतले.

जुलै २०२३ मध्ये मेटा कंपनीने ‘थ्रेड्स’ ही सेवा सुरू केली आणि ती याच जाळ्यास जोडण्याचा मनोदय जाहीर केला. तेव्हा अनेक लहान सर्व्हरांच्या चालकांनी थ्रेड्सशी संबंध न ठेवण्याची सामूहिक प्रतिज्ञा केली. इतर काहींनी मात्र दार उघडे ठेवले. विरोधकांपुढे एक जुना अनुभव होता. २००५ साली सुरू झालेल्या गूगल टॉकने ‘एक्सएमपीपी’ हा खुला संकेत स्वीकारला आणि २००६ पासून इतर सर्व्हरांशी संवाद खुला केला. २०१३ पासून हँगआउट्सच्या रूपाने कंपनी त्यापासून दूर गेली. दरम्यान बहुसंख्य वापरकर्ते कंपनीकडेच असल्याने खुले जाळे दुबळे झाले. मोठा घटक आत आला की लहानांची वाढ होते, पण तो बाहेर पडला की उरलेल्यांचा आधार जातो, असा याचा बोध आहे. याउलट, दार बंद ठेवल्यास सामान्य माणूस स्वतंत्र समुदायापर्यंत पोहोचतच नाही, हेही खरे आहे. म्हणून जोडणी स्वीकारावी की नाही यापेक्षा, ती तोडण्याचा अधिकार आणि तोडल्यावरही तग धरण्याची क्षमता समुदायाकडे आहे काय, हा प्रश्न अधिक मूलगामी ठरतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे नवे आव्हान

अलीकडील काळात समुदायांनी लिहिलेल्या मजकुरास कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणाचा कच्चा माल म्हणून मोल आले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये रेडिट व गूगल यांच्यात सदस्यांच्या लेखनाच्या वापराविषयी करार झाला. वृत्तांनुसार त्याचे मूल्य वर्षाला सुमारे ६ कोटी डॉलर होते. मे २०२४ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोने ओपनएआयशी करार केला, तेव्हा काही सदस्यांनी निषेध म्हणून आपली उत्तरे पुसण्याचा प्रयत्न केला; त्यांच्या खात्यांवर बंदी घालण्यात आली. लेखन आपले, पण ते मागे घेण्याचा अधिकार आपला नाही, ही जाणीव अनेकांना त्या वेळी प्रथमच झाली. चौथ्या कसोटीचे हे प्रत्यक्ष उदाहरण होय.

विकिमीडिया प्रतिष्ठानाने एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार जानेवारी २०२४ पासून चित्रे व ध्वनिचित्रफिती उतरविण्यासाठीचा वापर ५० टक्क्यांनी वाढला होता आणि ती वाढ मुख्यतः स्वयंचलित यंत्रणांमुळे होती. सर्वाधिक खर्चाच्या वाहतुकीपैकी ६५ टक्के भार अशा यंत्रणांचा होता. वाचक येत नाही, पण सर्व्हरचे देयक वाढते, ही स्थिती लहान संकेतस्थळास अधिकच जाचक ठरते. मोठ्या प्रमाणावर मजकूर घेणाऱ्या कंपन्यांकडून शुल्क घेणारी स्वतंत्र सेवा विकिमीडियाने २०२१ मध्ये सुरू केली. मजकूर सर्वांस मोफत, परंतु घाऊक उपशास मोल, असा हा मधला मार्ग आहे. गायरानात गावची गुरे चरणे आणि बाहेरच्याने ट्रक लावून गवत कापून नेणे यांत गाव जो भेद करील, तोच येथे केला आहे.

प्रतिकाराच्या मर्यादा

स्वतंत्र समुदायांचे चित्र निर्दोष नाही. मराठी संकेतस्थळांचा भार पुष्कळदा एकदोन व्यक्तींच्या वेळेवर व पदरमोडीवर राहिला. चालकाचे आजारपण, निधन किंवा कंटाळा यांमुळे सारा संग्रह धोक्यात येऊ शकतो. म्हणजे कंपनीच्या जागी एक व्यक्ती आली, एवढेच. फेसबुक व व्हॉट्सॲप यांच्या प्रसारानंतर सदस्यांचे दैनंदिन लेखन तिकडे वळले. तेथे वाचक तत्काळ मिळतो, मोबाईलवर लिहिता येते आणि नोंदणीचा खटाटोप नसतो. ही सोय क्षुल्लक मानता येणार नाही. तसेच या संकेतस्थळांवर प्रारंभी परदेशस्थ व शहरी वर्गाचे प्राबल्य होते. खेड्यातील मराठी माणूस आंतरजालावर आला तो बहुतांशी कंपन्यांच्या मोबाईल-सेवांतून. या वस्तुस्थितीकडे दुर्लक्ष करून केवळ स्वातंत्र्याचा गौरव करणे एकांगी ठरेल.

तथापि या मर्यादांतूनच उपायही सुचतो. एका व्यक्तीऐवजी नोंदणीकृत संस्थेकडे मालकी असणे, खर्चाचा हिशोब सदस्यांपुढे मांडणे, संग्रहाची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवणे आणि लेखकास आपले लेखन एकगठ्ठा उतरवून घेण्याची सोय देणे, या चार व्यवस्था असतील तर स्वातंत्र्य व्यक्तिनिरपेक्ष होऊ शकते. यांपैकी एकाही गोष्टीस मोठे भांडवल लागत नाही. सातत्य मात्र लागते.

समारोप

हा प्रश्न महाविद्यालयांपासून दूरचा नाही. २०२० च्या टाळेबंदीत अध्यापन कंपन्यांच्या व्यासपीठांवर गेले. शिक्षणसंस्थांना मिळणारी अमर्याद साठवण बंद करून संस्थेमागे १०० टेराबाइटची सामायिक मर्यादा घालण्याचा निर्णय गूगलने २०२१ मध्ये जाहीर केला, तेव्हा अनेक संस्थांना आपला संग्रह नेमका किती व कोठे आहे याचा प्रथमच शोध घ्यावा लागला. विभागांच्या सूचना, विद्यार्थ्यांचे प्रकल्प, क्षेत्रभेटींची छायाचित्रे आणि स्थानिक इतिहासाच्या मुलाखती आज व्हॉट्सॲपच्या गटांत विखुरलेल्या आढळतात.

शिवरेसारख्या गावातील वृद्धांकडून विद्यार्थ्यांनी जमविलेली शेतांची नावे, ओढ्यांची नावे, जत्रेच्या आठवणी ही सामग्री पुन्हा मिळणारी नसते. ती मराठी विकिपीडियात, मुक्त परवान्याच्या नकाशात किंवा महाविद्यालयाच्या स्वतःच्या संग्रहात ठेवली, तर गावास व पुढील अभ्यासकास ती उपलब्ध राहील. कंपनीच्या साधनांचा उपयोग वर्ज्य करण्याची आवश्यकता नाही. मूळ प्रत मात्र आपल्या ताब्यात असली पाहिजे. देवराई राखणाऱ्यांनी बाहेरच्या माणसास सावलीत बसण्यास कधी मनाई केली नाही. कुऱ्हाड मात्र बाहेर ठेवावयास सांगितली. आंतरजालावरील स्वतंत्र समुदायांचा प्रतिकार, त्याच्या विवेकी स्वरूपात, याच प्रकारचा आहे.